मोटार आपली, पडदा कोणाचा?

विजेची मोटार घ्यावयास निघालेले गिऱ्हाईक आजवर एकच प्रश्न विचारीत आले: एकदा चार्ज केल्यावर ही धावते किती? आता त्याने दुसराही प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे: समोरच्या पडद्यावर माझा फोन चालेल काय? प्रश्न वरवर पाहता चैनीचा वाटेल. परंतु पदरचे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर सत्ता कोणाची, हा जुनाच वाद त्यात दडलेला आहे. म्हणून त्याची दखल घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

खिशातल्या फोनवरील नकाशा, गाणी व निरोप मोटारीच्या पडद्यावर आणण्याची सोय ॲपलच्या 'कारप्ले'ने २०१४ साली आणि गूगलच्या 'अँड्रॉइड ऑटो'ने २०१५ साली करून दिली. थोड्याच वर्षांत ती लोकांच्या अंगवळणी पडली. असे असता, अमेरिकेच्या जनरल मोटर्सने मार्च २०२३ मध्ये जाहीर केले की, आपल्या पुढील विजेच्या मोटारींत ही सोय राहणार नाही. तिच्या जागी गूगलच्या साहाय्याने मोटारीतच बसविलेले सॉफ्टवेअर येईल. या धोरणाची पहिली गाडी शेव्हरोले ब्लेझर. सॉफ्टवेअरच्याच दोषांमुळे डिसेंबर २०२३ मध्ये तिची विक्री काही काळ थांबवावी लागली, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा!

तथापि कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही. विजेच्या मोटारीला वाट दाखवायची तर बॅटरीत वीज किती उरली, पुढच्या चढावर ती किती खर्ची पडेल, चार्जिंगसाठी कोठे थांबावे, हे नकाशाला ठाऊक असावे लागते. जलद चार्जिंगचे ठिकाण जवळ येताच बॅटरी योग्य तापमानावर आणून ठेवण्याचे कामही अंगभूत सॉफ्टवेअर सुलभपणे करते. पडद्यावर केवळ प्रतिबिंब पाडणाऱ्या फोनला हे सहसा कळत नाही. पण कळूच शकत नाही, असे मात्र नव्हे. फोर्डची मस्टँग माक-ई व पोर्शची टायकान यांनी ॲपलच्या नकाशाला बॅटरीची माहिती पुरवून ते शक्य असल्याचे दाखवून दिले आहे. मग प्रश्न तंत्राचा न राहता इच्छेचा राहतो.

ही इच्छा कशाची? पडदा ज्याच्या हाती, गिऱ्हाईक त्याच्या मुठीत, हे त्याचे सरळ उत्तर आहे. बीएमडब्ल्यूने अमेरिकेत 'कारप्ले'साठी वर्षाला ८० डॉलर आकारून पाहिले आणि ओरड होताच २०१९ च्या अखेरीस माघार घेतली. चालकांच्या ये-जा करण्याची व गाडी हाकण्याच्या सवयींची माहिती त्यांच्या स्पष्ट संमतीवाचून विकल्याचा आरोप अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने जनरल मोटर्सवर ठेवला. जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या समझोत्यात अशी माहिती ग्राहक-अहवाल संस्थांना देण्यास कंपनीला पाच वर्षे मनाई करण्याचे ठरले. फोनवाले संत आहेत, असे आम्ही म्हणत नाही. परंतु फोन नकोसा झाला तर बदलता येतो. मोटार तशी बदलता येत नाही.

आणि मोटार फोनपेक्षा कितीतरी अधिक वर्षे टिकते. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने आपले थ्री-जी जाळे बंद केले, तेव्हा अनेक धडधाकट मोटारींच्या अंगभूत जोडसेवा मुक्या झाल्या. जून २०२४ मध्ये फिस्कर कंपनीने दिवाळे काढले आणि तिच्या गाड्यांचे सॉफ्टवेअर सांभाळण्याची चिंता मालकांच्याच गळ्यात पडली. आपल्याकडेही जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस मोटारी विकणे थांबविले, हे शेव्हरोले बाळगणाऱ्यांना विसरता येणार नाही. उद्या एखादी कंपनी अशीच गाशा गुंडाळून गेली, तर लोखंड दुरुस्त करणारा मिस्त्री म्हापशात वा मडगावात मिळेल. पडदा जिवंत ठेवणारा कोठून आणावयाचा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार गोव्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटार आहे; देशात हे प्रमाण सर्वाधिक आहे. तेव्हा हा वाद आपल्या दारात येणारच. टाटा व महिंद्र यांच्या विजेच्या मोटारींत आज अंगभूत सॉफ्टवेअरही आहे आणि फोन जोडण्याची सोयही आहे. ती तशीच राहावी. सॉफ्टवेअर किती वर्षे सांभाळले जाईल आणि कोणत्या सोयीसाठी पुढे वर्गणी पडेल, हे विक्रीपूर्वीच लेखी सांगण्याचे बंधन सरकारने कंपन्यांवर घालावे. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली कायदा झाला आहे. मोटारीच्या पडद्यालाही त्याची धार जाणवली पाहिजे.

अंगभूत सॉफ्टवेअर खरोखरच सरस असेल, तर लोक ते आपण होऊन वापरतील. त्यासाठी दुसरे दार बंद करावे लागत असेल, तर पहिल्या दाराविषयी खुद्द ते बांधणाऱ्यालाच विश्वास नाही, असेच म्हणावे लागेल.