कांद्याचे १६ की ३२?

नाशिककराला कांद्याविषयी कुणी काही सांगू लागले, की तो फारसे ऐकून घेत नाही. लासलगावचा आजचा भाव काय, चाळीतला उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत टिकेल की आधीच कोंब काढील, यावर आमच्या कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा अधिकारवाणीने बोलतो. अशा गावात राहून, कांद्याच्याच एका प्रश्नावर मी माझ्या मुलीपुढे सपशेल तोंडघशी पडलो. ती हकीकत यंदा वाचकांच्या फराळाच्या ताटाशेजारी ठेवतो.

कन्या अकरावीत आहे. गणपतीनंतर चाचणी परीक्षेचा जीवशास्त्राचा पेपर तपासून घरी आला. त्यावर पालकांची सही हवी होती. एका उत्तरावर लाल फुली चांगली ठसठशीत मारलेली होती. प्रश्न असा: कांद्याच्या मुळातील पेशीत १६ गुणसूत्रे असतात. ती पेशी विभागताना गुणसूत्रे दोन टोकांकडे निघालेली असतात, त्या घटकेला पेशीत एकूण गुणसूत्रे किती? कन्येने लिहिले होते, ३२.

“अगं, पुस्तकात ठळक अक्षरांत छापलंय,” मी म्हणालो. “या विभाजनात संख्या बदलत नाही. सोळाची सोळाच. उगीच का फुली मारतील?”

“बाबा, शेवटी सोळा. मधे बत्तीस.”

“मधे म्हणजे? पेशी काय सोळा गुणसूत्रं उसनी आणते आणि काम झालं की परत करते?”

हा विनोद मला त्या वेळी बरा वाटला होता. ती काही न बोलता आत गेली आणि रात्री जेवायला आली नाही. “उत्तर येत नसतं, तर ती रडली नसती,” एवढेच आमची सौभाग्यवती म्हणाली आणि माझ्या पानात आमटी वाढून निघून गेली.

आमच्या मागच्या वाड्यात एक निवृत्त प्राध्यापक राहतात. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली. दुसऱ्या दिवशी कन्या पेपर घेऊन त्यांच्याकडे गेली. काकांनी सोळा म्हटले नाही की बत्तीस म्हटले नाही. ते म्हणाले, “वाद कशाला? कांदा आण.”

मग आमच्या स्वयंपाकघरातला एक कांदा बुडाची जुनी वाळकी मुळे खरवडून पाण्याच्या पेल्यावर बसला. बूड तेवढे पाण्याला टेकलेले. तीन दिवसांत त्याला पांढरीशुभ्र नवी मुळे फुटली. मुळाचे अगदी टोकच कामाचे, जेमतेम दोन मिलिमीटर. कारण वाढ तिथे चालते आणि पेशी तिथेच विभागतात. काकांनी ते टोक दारू आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात मारून ठेवले, आम्लात थोडे ऊन करून मऊ केले, लाल रंगात बुडवले, काचेवर ठेवून वरून पातळ काच दिली आणि अंगठ्याने दाबले. पुऱ्या लाटणाऱ्या हाताला हे काम लवकर जमेल, असे माझे मत झाले. जोर कमी पडला तर ढीग, जास्त पडला तर चिंधड्या!

मलाही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला बोलावले होते. बहुतेक पेशी स्वस्थ बसलेल्या, मधे एक लाल ठिपका. पण शोधता शोधता एखादी अशी सापडते, की ठिपक्याच्या जागी जाड जाड सूत्रे स्पष्ट दिसतात. कांद्याची गुणसूत्रे चांगली मोठी असतात. म्हणून तर जगभर विद्यार्थी याच मुळांवर हात बसवतात. कन्येने मोजली. १६. मी मोजली. पहिल्यांदा १७, मग १६.

“नीट बघा,” काका म्हणाले. “प्रत्येक सूत्र दुपदरी आहे.”

खरेच होते. विभागण्याआधीच प्रत्येक गुणसूत्र आपली हुबेहूब नक्कल तयार करते आणि दोन्ही पदर एका गाठीने बांधलेले राहतात. मग ही १६ म्हणायची की ३२? इथेच सगळे फसतात. मीही फसलो. काकांनी सांगितलेला हिशेब असा: एका घरात दोन जुळे भाऊ राहतात. माणसे दोन, पण चूल एक. तेव्हा बिऱ्हाड एकच. चूल वेगळी झाली की बिऱ्हाडे दोन. गुणसूत्रे मोजताना माणसे मोजायची नाहीत, चुली मोजायच्या. गाठ ही चूल. माल आधी दुप्पट होतो, संख्या नंतर.

काकांनी काच किंचित सरकवली. पुढच्या एका पेशीत गाठी सुटलेल्या होत्या. दोन झुबके दोन टोकांकडे निघालेले. प्रत्येक सूत्राची गाठ पुढे, आणि दोन्ही हात मागे ओढले जाताहेत, जणू कुणी मनगटाला धरून नव्हे तर कमरेला दोरी बांधून ओढतो आहे. एका झुबक्यात १६, दुसऱ्यात १६. पण पेशी अजून एकच होती, मधे भिंत पडली नव्हती. म्हणजे त्या घटकेला ३२! पुढे भिंत पडली की प्रत्येक पेशीच्या वाट्याला पुन्हा १६. पुस्तकही खरे आणि पोरही खरी. पुस्तक शेवटचा हिशेब सांगत होते, प्रश्न मधला विचारत होता.

बियाण्यासाठी लावलेल्या डोंगळ्यांच्या फुलांत याहून निराळा प्रकार चालतो. तिथे परागकण व्हायचे असतात. पहिल्या खेपेला गाठी सुटतच नाहीत. आईकडची आणि बापाकडची जोडी तेवढी फुटते, आणि १६ चे ८-८ होतात. गाठी सुटतात त्या दुसऱ्या खेपेला. परागाचे ८ आणि बीजांडाचे ८ मिळून पुन्हा १६. हा निम्मा वाटा पडला नसता, तर दर पिढीला संख्या दुप्पट होत गेली असती.

आणि ही आकडेमोड आपल्या ताटातही आहे. पोळीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे, खपलीत २८. निफाडच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या वाणांना तर आमच्याच गावची नावे आहेत: त्र्यंबक आणि तपोवन हे ४२ वाले, पंचवटी आणि गोदावरी हे २८ वाले. त्यातून दाण्याचा पिठूळ गर परागाचा एक वाटा आणि आईकडचे दोन वाटे मिळून बनतो. म्हणजे पोळीच्या गव्हाच्या कोंबात ४२, पण पिठात ६३! केळ्यात ३३ असतात. त्यांचे सरळ दोन वाटे पडत नाहीत, म्हणून केळे बिनबियांचे. इथे मी उत्साहाने म्हणालो, “तसंच आपलं बिनबियांचं द्राक्ष!” काकांनी मान हलवली. थॉमसन द्राक्षाची ३८ गुणसूत्रे अगदी सुरळीत आहेत. त्याचे बी धरते, पण लहानपणीच मरते. त्यानंतर मी बराच वेळ गप्प होतो.

कन्येला मात्र खरी गंमत वाटली ती माणसाच्या आकड्याची. १९२३ साली अमेरिकेत पेंटर यांनी माणसाची गुणसूत्रे ४८ असल्याचे सांगितले. पुढे तीस वर्षांहून अधिक काळ पुस्तकांत तेच छापले गेले, आणि नंतर मोजणाऱ्यांनाही ४८ च दिसत राहिली. २२ डिसेंबर १९५५ रोजी स्वीडनमधील लुंड येथे, आल्बर्ट लेव्हान यांच्या प्रयोगशाळेत, जावा बेटावर जन्मलेल्या जो हिन त्जियो यांना स्वच्छ ४६ दिसली. १९५६ साली दोघांनी ते प्रसिद्ध केले. दोघेही मूळचे वनस्पतींच्या पेशी पाहणारे. लेव्हान यांनी १९३८ साली कोल्चिसीन नावाच्या द्रव्याचा कांद्याच्या मुळांवर काय परिणाम होतो, हे तपासले होते. तेच द्रव्य आणि काचेखाली दाबण्याची तीच रीत पुढे माणसाच्या पेशींना लागू पडली.

हे कोल्चिसीन आपल्या कळलावीतही असते. पावसाळ्यात डोंगरउतारावर लालपिवळ्या ज्वाळांसारखी फुलते तीच. जहाल विषारी आहे, मुलांना हात लावू देऊ नये. तिचे फूल घरात आणले की भांडण लागते, अशी जुनी समजूत. पेशीत ती उलटेच करते. चुली वेगळ्या होतात, पण कुणालाच घराबाहेर पडता येत नाही. मधे भिंत पडत नाही आणि ३२ एकाच घरात राहतात.

पेपर सोमवारी परत द्यायचा आहे. मी सही केली आहे. कन्येने मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून त्या पेशीचे चित्र काढले आहे, एकेका सूत्राला एक ते बत्तीस असे क्रमांक घातले आहेत, आणि ते पेपराला टाचणीने लावले आहे. “शिक्षकांना उलट बोलल्यासारखं होईल का?” तिने आईला विचारले. आईने टाचणी काढून स्टेपलर दिला.

कांदा अजून पेल्यावरच आहे. त्याला आता हिरवी पात फुटली आहे, आणि चिवड्यासाठी त्याला हात लावायचा नाही, असे मला बजावले गेले आहे.