घोडा दिसतो, घोडेस्वार दिसत नाही!

बडोद्याच्या स्टेशनवर उतरून रिक्षात बसा आणि नुसते 'काळा घोडा' म्हणा. रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. पण घोड्यावर बसलेले कोण, हे त्याला विचारू नका. आणि खरे सांगायचे तर आपल्या घरातल्या नातवालाही विचारू नका! मुंबईच्या काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड १९६५ साली घोड्यासकट राणीच्या बागेत गेला, मागे नुसते नाव उरले. आपल्याकडे तर महाराज जागच्या जागी आहेत, तरी नाव घोड्याचेच!

तो पुतळा श्रीमंत सयाजीराव महाराजांचा. इंग्रज शिल्पकार डरवेंट वुड याने घडवलेला, १९०७ सालचा. एका शतकाहून अधिक काळ ऊन-पाऊस खात तो उभा आहे. आपण वर्षातून एकदा हार घालतो, फोटो काढतो, की झाले आपले कर्तव्य.

हे आज लिहिण्याचे कारण असे, की चार मराठी माणसे जमली की हल्ली एकच विषय निघतो : नवा पुतळा हवा, उंच हवा, दुसऱ्यांपेक्षा उंच हवा. मला विचाराल तर या उंचीच्या हौसेनेच घात केला आहे. मालवणच्या राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये शिवरायांचा ३५ फुटी पुतळा उभारला. पुढच्याच ऑगस्टात तो कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही! बेळगावजवळ राजहंसगडावर तर मार्च २०२३ मध्ये एकाच पुतळ्याचे एकाच आठवड्यात दोनदा अनावरण झाले, कारण पक्ष दोन होते. यात शिवराय कुठे होते?

कोणी म्हणेल, 'अहो, आपण परप्रांतात राहतो. चौकात आपला पुतळा असला की आपण इथले आहोत हे दिसते.' भावना मला समजते. पण बडोद्यात आपण इथले आहोत हे सिद्ध करायला नवा पुतळा कशाला? विश्वामित्रीच्या पुलाजवळ कीर्तिमंदिर उभे आहे. महाराजांनी ते १९३६ साली राज्यकारभाराच्या हीरकमहोत्सवानिमित्त, गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी बांधले. आतल्या भिंती रंगवायला त्यांनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावले. महाराज १९३९ च्या फेब्रुवारीत गेले. काम मात्र १९४६ पर्यंत चालले : गंगावतरण, मीराबाईचे जीवन, रवींद्रनाथांच्या नाटकावरून नटीर पूजा आणि महाभारताचे युद्ध.

जरा विचार करा. मराठी राजा, गुजराती भूमी, बंगाली चित्रकार आणि भिंतीवर मेवाडची मीरा! स्वतःच्या घराण्याच्या स्मारकात त्यांनी स्वतःच्या पराक्रमाच्या लढाया काढून घेतल्या नाहीत. गावात आपली जागा अशी मिळवायची असते. दुसऱ्याच्या डोक्यावर चढून नव्हे, दुसऱ्याला आपल्या भिंतीवर जागा देऊन. म्हणूनच बडोद्याचा गुजराती माणूस आजही 'सयाजीराव' म्हणताना 'आपला' म्हणतो. हे भाग्य कोणत्या ७० फुटी पुतळ्याने मिळेल?

आणि आपण? दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांतून मी स्वतः विचारले आहे. शांतिनिकेतन पाहून आलेले भेटले. कीर्तिमंदिरातली चित्रे पाहिलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुतळा पडला तर दुसरा ओतता येतो. भिंतीला ओल धरली आणि चित्र गेले की गेले. त्यासाठी ना मोर्चा निघणार, ना बंद.

म्हणून मंडळापुढे माझे तीन प्रस्ताव आहेत. नव्या पुतळ्याची वर्गणी तूर्त थांबवावी. काळ्या घोड्यापाशी रस्त्यावरून वाचता येईल असा, महाराजांचे नाव, शिल्पकार आणि साल सांगणारा फलक गुजराती व मराठीत लावण्यासाठी पालिकेकडे रीतसर अर्ज करावा. आणि येत्या गणेशोत्सवात फॅन्सी ड्रेसऐवजी मुलांना, रीतसर परवानगी घेऊन, कीर्तिमंदिर दाखवावे. सोबत आजी-आजोबांनीही यावे, कारण पाहिले त्यांनीही नाही.

वडीलधाऱ्यांना राग आला असेल तर क्षमा असावी. पण घोडा ओळखणाऱ्या आणि स्वार विसरलेल्या समाजाने आणखी एक घोडा मागू नये, एवढेच म्हणणे आहे.