घटलेला आकडा, दडलेला खोकला

साथ एका रोगाची येते, पण बाकीच्या रोगांचे गणितही बिघडवून जाते. 2020 मध्ये मुखपट्टी, बंद शाळा आणि थांबलेला प्रवास यांनी करोनाचा वेग कमी केला. इन्फ्लुएन्झा मात्र जगभर जवळपास दिसेनासा झाला. फ्लू करोनाइतका वेगाने पसरत नाही, त्यामुळे जे उपाय करोनाला जेमतेम अडवत होते, त्यांनी फ्लूचे कंबरडेच मोडले. फ्लूचा ‘बी-यामागाता’ हा प्रकार तर मार्च 2020 नंतर खात्रीने कुठे सापडलेला नाही.

क्षयाचा आकडाही तेव्हा घसरला. देशात 2019 मध्ये सुमारे 24 लाख क्षयरुग्ण नोंदले गेले, 2020 मध्ये 18 लाख. पण ही घट फ्लूसारखी नव्हती. या सहा लाखांपैकी बहुतेकांचा रोग पळाला नव्हता, त्यांचे निदानच झाले नव्हते. गोव्यात तयार होणारी, क्षयाचे जलद निदान करणारी ‘ट्रूनॅट’ यंत्रे करोनाच्या तपासणीला जुंपली गेली. विलगीकरणाच्या धास्तीने लोक खोकला लपवू लागले. आपल्या भडगाव-पाचोऱ्याच्या कापूसपट्ट्यात तर खोकल्याला धुळीचे निमित्त नेहमीच हाताशी असते. टाळेबंदीत रुग्ण घरात कोंडले गेले आणि त्यांच्या संसर्गासोबत घरची माणसेही.

करोनाकाळात बालकांचे लसीकरण रखडल्याची किंमत गोवराने वसूल केली. 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात उद्रेक झाला. यांतले मालेगाव भडगावप्रमाणेच गिरणाकाठचे. तेथील साथ आपल्यापासून दूर मानण्याचे कारण नाही.

तेव्हा घटलेला आकडा पाहून पाठ थोपटून घेण्याआधी, रोग घटला की तपासणी, हे प्रशासनाने विचारले पाहिजे. पुढची साथ येईल तेव्हा ग्रामीण रुग्णालयातली थुंकीतपासणी आणि उपकेंद्रावरचे बालकांचे लसीकरण एक दिवसही बंद पडता कामा नये. आशा सेविकांवर नवे काम टाकताना त्यांचे जुने काम कोण करणार, हेही त्याच आदेशात लिहिलेले असावे. आणि ज्यांचा खोकला दोन आठवड्यांत थांबत नाही, त्यांनी धुळीला दोष देत बसू नये. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. थुंकी तपासून घ्यावी.