खांबावरचे हात आणि टेबलावरची सही

२५ ऑक्टोबर १९४३ रोजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री या नात्याने बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देशाच्या विजेचा प्रश्न मांडला. स्वस्त व मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणावाचून दारिद्र्यातून सुटका नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दर १४ एप्रिलला आम्ही घटनेच्या शिल्पकाराला वंदन करतो. त्यांचे हे कार्य मात्र वर्गात क्वचितच सांगतो.

आमची मुले वीजक्षेत्रात येतात ती बहुधा आयटीआय करून, खांबावर चढणारे तंत्रज्ञ म्हणून. ते काम कष्टाचे आणि मानाचेच आहे. त्र्यंबकच्या धुवाधार पावसात अपरात्री तार जोडणाऱ्याचे ऋण कोण नाकारील? परंतु उपकेंद्राची क्षमता किती असावी, कोणत्या पाड्याला रोहित्र आधी मिळावे, खांबावरच्या माणसाच्या सुरक्षेसाठी कोणती शिस्त पाळावी, हे वरिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर ठरते. त्या टेबलापाशी आमच्या मुलामुलींनी बसले पाहिजे.

वाट अवघड असली तरी बंद नाही. दहावीनंतर पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवता येतो. पुढे सहायक, कार्यकारी, अधीक्षक आणि मुख्य अभियंता अशी पदांची चढण आहे. एकलहऱ्याचे औष्णिक केंद्र नाशिकजवळच आहे. आपल्याच डोंगरांत उगम पावणाऱ्या वैतरणेवर ६० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. या पेशात बदल्या आहेत, मध्यरात्रीचे फोन आहेत, अपघाताची जबाबदारीही आहे. हे पालकांपासून लपवू नये. मात्र स्थिर वेतनाबरोबरच शेकडो घरांच्या उपयोगी पडणारा अधिकारही येथे मिळतो.

दोष आम्हा शिक्षकांचाही आहे. गणित कच्चे दिसले की ‘कला शाखा घे’ असे सांगून आम्ही मोकळे झालो. ते गणित पक्के करणे हेच आमचे काम होते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. स्मरणिकेसाठी देणगी जरूर द्यावी; पण तुमच्यापैकी जे अभियंते आहेत, त्यांनी महिन्यातला एक रविवार आठवी ते दहावीच्या गणितासाठी द्यावा. वसतिगृहातील मुलांना एखादे उपकेंद्र रीतसर परवानगीने दाखवावे. आपल्यासारख्याच घरातून आलेला अभियंता समोर उभा राहिला, की मुलांना वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

जय भीम!