वय मोजू नका, धूर मोजा! जुन्या मोटरसायकलींच्या निमित्ताने थोडं स्पष्ट

भावांनो, पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात, गोठ्यात, बोळात एखादी जुनी येझदी, राजदूत, बुलेट किंवा आरएक्स १०० ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्याकडे नाही त्यांनीही वाचा, कारण हा विषय फक्त नादिष्ट लोकांचा नाही.

सध्या एक वाक्य जिथे तिथे ऐकू येतं: "पंधरा वर्षं झाली ना? मग द्या भंगारात!" चहाच्या टपरीवर हेच, व्हॉट्सॲपवर हेच, शिकलेल्या माणसांच्या तोंडीही हेच. तेव्हा आधी हे खोडून काढतो. महाराष्ट्रात खाजगी मोटरसायकल पंधरा वर्षांची झाली म्हणून ती भंगारात घालायची सक्ती नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घ्यायची, फी भरायची, की पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण. पुन्हा पाच वर्षांनी पुन्हा. पेट्रोल गाडीला १५ वर्षांची बंदी आली ती दिल्ली आणि तिच्या परिसरात, हरित लवादाच्या आदेशाने. दिल्लीची बातमी बघून आपल्याकडची माणसं चालू गाड्या किलोवर घालतात आणि भंगारवाला खूश होतो.

म्हणजे बंदी नाही. पण बंदी न घालता माणसाला दमवून सोडायची सोय मात्र नीट केलेली आहे. माझं भांडण तिथे आहे.

हिशोब बघा. १५ वर्षांवरच्या मोटरसायकलच्या नूतनीकरणाला पूर्वी ३०० रुपये लागायचे. १ एप्रिल २०२२ पासून झाले १,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटरसायकलला केले २,०००. मुदतीत गेला नाहीत तर दर महिन्याला ३०० रुपये जादा. पाच वर्षं राहून गेलं तर नियमातल्या दराने हे १८,००० होतात. कित्येक गाड्या तेवढ्याला विकल्यासुद्धा जात नाहीत. त्यावर आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा. उच्च सुरक्षा नंबर प्लेट वेगळी. विमा, पीयूसी आहेतच.

आणि जुन्या गाडीची फी दुप्पट झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर २०२५ मध्ये, ३५० सीसीपर्यंतच्या नव्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आणला. नवी घेणाऱ्याला सूट मिळाली याचा मला आनंदच आहे, गरिबाला गाडी स्वस्त मिळावी. पण दोन्ही निर्णय शेजारी ठेवले की निरोप काय मिळतो? "दुरुस्त करू नकोस, नवी घे."

आता कुणी म्हणेल, "तुमची हौस आहे, हौसेला मोल नसतं, भरा की दोन हजार." बरोबर आहे. माझ्यासारख्याला पाच वर्षांतून दोन हजार जड नाहीत. माझ्या वडिलांची १९८१ ची येझदी मी घराच्या पडवीत दीड वर्षं खोलून परत उभी केली. एवढा नाद करणारा माणूस फीला रडणार नाही. पण हा नियम फक्त माझ्या येझदीला नाही. पहाटे दोन कॅन लावून डेअरीला जाणारा दूधवाला २००३ ची स्प्लेंडर चालवतो, त्यालाही हाच नियम आहे. त्याची गाडी लिटरला आजही झकास ॲव्हरेज देते, पीयूसीत पास होते. मग त्याला दुप्पट फी कशाबद्दल? धूर जास्त सोडतो म्हणून नाही. गाडी सांभाळली म्हणून! ज्याने तीन वर्षांत गाडीची वाट लावली, सायलेन्सर कापून गल्लीभर फटाके फोडले, त्याच्या गाडीचं वय कमी, म्हणून तो मोकळा.

जुन्या गाडीवर प्रेम करणाऱ्यांनीही खोटं बोलू नये, म्हणून हे सांगतो. येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक आहे. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून ते चालतं, आणि न जळलेलं थोडं मिश्रण दर फेरीला सायलेन्सरमधून बाहेर पडतं. रोज चाळीस किलोमीटर ही गाडी पळवावी असं मी म्हणणार नाही. पण मोजमापाची सोय आहेच ना? ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम अशी मर्यादा नियमात लिहिलेली आहे. यंत्र लावा, नळी घाला, आकडा बघा. नापास झाली तर उभी करा, माझी असली तरी. पण यंत्र बाजूला ठेवून फक्त जन्मतारीख बघायची, ही कसली पर्यावरणाची काळजी? आणि तेच पीयूसी ठिकठिकाणी नळी न लावता मिळतं हे आपण सगळे जाणतो. ते आधी सरळ करा.

"मग व्हिंटेजमध्ये नोंदवा की!" हा दुसरा सल्ला. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. चांगली गोष्ट. पण आत काय आहे? पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण हवीत. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे ५,०००. नंबरात 'व्हीए' अक्षरं. आणि गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. रविवारी सकाळी बायकोला मागे बसवून जोतिबाला जाऊन यायचं म्हटलं तर ते यातल्या कशातच बसत नाही.

माझी येझदी २०३१ मध्ये पन्नाशी गाठेल. तोवर ती कायद्याच्या लेखी काय? वारसा नाही, नवीही नाही. नुसती "जुनी". म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात जावा बनायला लागल्या १९६१ मध्ये, येझदी हे नाव आलं १९७३ मध्ये, आणि कारखाना बंद पडला १९९६ मध्ये. म्हणजे येझदी नावाच्या बहुतेक गाड्या अजून पन्नाशीच्या आतच आहेत. आरएक्स १०० आली १९८५ मध्ये, राजदूत ३५० आली १९८३ मध्ये. मराठी माणसाच्या तरुणपणीच्या सगळ्या गाड्या या मधल्या फटीत अडकल्यात. ब्रिटनमध्ये ४० वर्षांची गाडी ऐतिहासिक धरून तिचा रस्ताकर माफ करतात. जर्मनीत ३० वर्षांनंतर तपासणी करून नंबरामागे 'एच' अक्षर देतात आणि ती गाडी रस्त्यावर चालवता येते. आपण ५० वर आणि वर वीस हजारांवर अडून बसलोय. हा नियम बंगल्याच्या गॅरेजमधल्या चकचकीत मोटारींसाठी लिहिलाय, वाड्यातल्या मोटरसायकलीसाठी नाही.

आता पेट्रोल. आपला भाग उसाचा आहे, इथे इथेनॉलविरुद्ध बोललं की लोक अंगावर येतात. मी विरुद्ध नाही. इथेनॉलमुळे कारखान्याला पैसा मिळतो, उसाचं बिल सुटायला मदत होते, हे मला मान्य आहे. माझ्याही घरी ऊस आहे. पण जुन्या इंजिनाचं काय होतं ते कुणी बोलायचं? इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकी आतून गंजते, रबरी नळी फुगते, कार्बोरेटरच्या पॅकिंग खराब होतात. हे मी मनाचं सांगत नाही. २० टक्के मिश्रणाचा आराखडा २०२१ मध्ये नीती आयोगाने मांडला, त्यातच जुन्या पद्धतीच्या दुचाकींचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल असं लिहिलंय. पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये सांगितलं की काही जुन्या गाड्यांत रबरी भाग बदलावे लागतील. ठीक आहे, बदलतो. पण पंपावर निवड कुठे आहे? तालुक्यात एका पंपावर तरी कमी इथेनॉलचं पेट्रोल ठेवलं तर उसाच्या बिलाला कितीसा धक्का बसेल?

आता थोडं आपल्याच लोकांना. सगळं सरकारवर ढकलून चालणार नाही. "रिस्टोर" हा शब्द आल्यापासून जुन्या गाडीचा बाजार झालाय. पुण्याच्या जुन्या बाजारात पूर्वी ज्या टाकीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, तिला आज सोन्याचा भाव. चार गाड्या फोडून एक चकचकीत गाडी बनवायची, क्रोम मारायचा, इन्स्टावर टाकायची आणि तिप्पट किमतीला विकायची. इंजिन एकीचं, चेसिस दुसरीची, कागद तिसरीचे. काही महाभाग तर चेसिस नंबर घासून नवा ठोकतात. याला रिस्टोरेशन म्हणू नका, हा गुन्हा आहे. अशांमुळेच आरटीओत जुनी गाडी दिसली की प्रामाणिक माणसाकडेही चोरासारखं बघतात.

घरी काम करणाऱ्यांना दोन शब्द सांगतो. रंगाआधी चेसिस घासायला दिली तर नंबराच्या जागेवर टेप लावा आणि आधी त्या नंबराचा पेन्सिल प्रिंट घेऊन ठेवा. पावडर कोटिंगचा जाड थर नंबरावर बसला की पासिंगच्या वेळी बोंब. इंजिन बदलायची वेळ आली तर कलम ५२ प्रमाणे आधी परवानगी, मग काम. आणि गाडी वडिलांच्या नावावर असेल, वडील गेले असतील, तर "बघू नंतर" करू नका. ३० दिवसांत कळवायचं, तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असा नियम आहे. आपल्याकडे सातबाऱ्याला वारस लावायची घाई असते, गाडीच्या पुस्तकाला कुणी लावत नाही. मग दहा वर्षांनी पोरगा गाडी उभी करतो आणि कागदावर मालक स्वर्गात!

त्यातही १९८९ च्या आधीचे, एमएच आणि जिल्ह्याचा आकडा नसलेले नंबर असतील तर आणखी मजा. नोंद कागदी रजिस्टरात, संगणकात गाडीच नाही. संगणकात नाही म्हणून नूतनीकरण नाही, नावावर होत नाही, नवी नंबर प्लेटही नाही. त्याला "बॅकलॉग एंट्री" म्हणतात. नागरिकाने हेलपाटे मारायचे, आणि दर महिन्याचे ३०० मात्र त्याच्याच डोक्यावर. रजिस्टर सरकारचं, संगणक सरकारचा, दंड आमचा. वा रे न्याय!

आणि शेवटचा मुद्दा, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा. येझदी खोलल्यावर मला कळलं की गाडी जिवंत ठेवतात ती माणसं. शिवाजी उद्यमनगरात सिलिंडर बोअर करून देणारा लेथवाला. क्रँक खोलून कनेक्टिंग रॉडची बेअरिंग बसवणारा, आवाजावरून टायमिंग सांगणारा म्हातारा मिस्त्री. आऱ्या ताणून रिम सरळ करणारा. नाना पेठेत जुना ऑइल सील हुडकून देणारा दुकानदार. यांतले बरेचसे साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांच्या हाताखाली पोरगं नाही. पोरांना शोरूममध्ये पार्ट काढून पार्ट लावायची नोकरी आहे, दुरुस्ती शिकवत कुणी नाही. आपण "कौशल्य भारत"चे बोर्ड लावतो आणि खरं कौशल्य ज्या गाड्यांवर जगतं त्याच गाड्या तोडायला बक्षीस देतो. भंगारात गाडी दिल्याचं प्रमाणपत्र आणा, नव्या गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट घ्या अशी तरतूद केंद्राच्या नियमात आहे. दुरुस्त करून पास करून आणणाऱ्याला काय? शून्य.

मागण्या साध्या आहेत:

१. ३० वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग करा. तपासणी कडक ठेवा, वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा घाला, पण गाडी रस्त्यावर येऊ द्या.
२. नूतनीकरणाची फी वयावर नको, तपासणीतल्या आकड्यावर ठरवा.
३. बॅकलॉग आणि वारस नोंदीसाठी प्रत्येक आरटीओत महिन्यातून एक दिवस शिबिर घ्या. नोंद सरकारी दप्तरामुळे अडली असेल तर त्या काळाचा दंड माफ करा.
४. तालुक्याला एका पंपावर कमी इथेनॉलचं पेट्रोल ठेवा.
५. जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये या जुन्या मिस्त्रींना मानधन देऊन शिकवायला बोलवा. आजच, कारण दहा वर्षांनी बोलवायला कुणी उरणार नाही.

यातली एकही मागणी फुकटची नाही, एकही कायदा मोडणारी नाही. आपले आमदार-खासदार निवडणुकीत बुलेट रॅली काढतात, तेव्हा गॉगल लावून पुढे असतात. पुढच्या वेळी रॅलीला गाडी मागायला आले की ही यादी हातात द्या आणि म्हणा, "साहेब, गाडी देतो, पण आधी सभागृहात हे विचारा."

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कारण लिहा, उत्तर देतो. आणि ताडपत्रीखालची गाडी विकायच्या आधी तिचं पुस्तक काढून मुदत कधी संपतेय ते आज संध्याकाळीच बघा.