वीतभर वायर

गाडी जुनी झाली की आधी तिच्या दाराच्या काचा रुसतात. बटण दाबलं तर काच हलत नाही. दार अर्धं उघडून दाबलं, की तीच काच सरसर खाली जाते. सेंट्रल लॉक मनात आलं तर लागतं. स्पीकर खरखरतो आणि गप्प होतो. एवढं सांगितलं की आमच्या धारूरच्या वायरिंगवाल्या चाचांना दुखणं कळतं. दार आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधी, बिजागरीजवळ, काळ्या रबराची पुंगळी असते. तिच्या आत एखादी वायर मोडलेली असते.

माझी 2004 सालची गाडी हेच दुखणं घेऊन शहरातल्या एका चकचकीत वर्कशॉपात गेली होती. तिथल्या पोरानं पुंगळीला हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "सर, पूर्ण हार्नेस बदलावा लागेल. पण पार्ट येत नाही आता. त्यापेक्षा गाडीच काढून टाका की."

माझं भांडण या 'काढून टाका'शी आहे.

दार दिवसातून चाळीस वेळा उघडझाप झालं, तर वर्षाला चौदा हजारांवर वेळा त्या वायरी त्याच जागी वाकतात. आतल्या तांब्याच्या केसासारख्या तारा एकेक करून तुटतात. वरचं प्लॅस्टिक मात्र साबूत दिसतं, म्हणून नुसत्या नजरेला काही सापडत नाही. चाचा पुंगळी ओढून काढतात आणि एकेक वायर चिमटीत धरून हलकी ताणतात. जी रबरासारखी लांबते ती मेलेली, कारण आतलं तांबं तुटलंय आणि नुसतं प्लॅस्टिक धरून आहे. "गुरुजी, बाकी वायर चांगली हाय. फक्त घडीत मोडली," ते म्हणाले. वीतभर जागेतलं दुखणं, आणि त्यासाठी अख्खी गाडी भंगारात घाला म्हणतात!

आता दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनावतो. शहरातली मंडळी गावाकडं आली की असल्या कामाला कौतुकानं 'जुगाड' म्हणतात. मला तो शब्द शिवीसारखा लागतो. दोन तुटकी टोकं पिळून वर काळी टेप गुंडाळणं, हा जुगाड. तो चार दिवस टिकतो. मग टेपचा डिंक उन्हानं पाघळतो, उघडी तार पत्र्याला टेकते आणि फ्यूज उडतो. फ्यूज सारखा उडतोय म्हणून कुणी शहाणा त्याच्या जागी जाड तार घालतो. म्हणजे पुढं वायरच पेटायची सोय झाली. असल्या गाडीतून घाट उतरायचा?

चाचांचं काम वेगळं असतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची. मोडलेल्या जागेवरच डाग द्यायचा नाही, कारण कथिल तारांमध्ये झिरपतं, वायर तिथं काडीसारखी ताठ होते आणि डागाच्या कडेला पुन्हा मोडते. म्हणून दोन्ही अंगांनी वायर मागं छाटून मधी तेवढ्याच जाडीची, बारीक तारांची मऊ वायर घालायची. एक जोड दाराच्या पोटात, दुसरा खांबाच्या आत. वाकणाऱ्या भागात जोड येऊच द्यायचा नाही. प्रत्येक जोडावर स्लीव्ह तापवून आवळायची. चार वायरी असतील तर जोड मागंपुढं ठेवायचे, नाहीतर गाठोडं होऊन पुंगळीत बसत नाही. वायर थोडी सैल सोडायची. याला जुगाड म्हणत असाल, तर दवाखान्यातल्या टाक्यांनाही म्हणा.

त्याच दुकानात एका गिऱ्हाइकाला मी म्हणताना ऐकलं, "एवढ्याशा वायरीचे पाचशे?" वायरीचे नव्हते ते, दोन तास दारात डोकं घालून नेमकी जागा हुडकायचे होते. कंपनीच्या बिलापुढं मुकाट मान डोलावणारी आपण माणसं चाचांपुढं मात्र बाजार मांडतो. त्यांचं पोरगं चाकणला एका कंपनीत लागलं, यात नवल काय?

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. ब्रेक न धरणारी, सांगाडा सडलेली गाडी भंगारातच जावी. पण आमच्याकडं जुनी गाडी हौसेसाठी नसते. माझीच गाडी पुतण्या भाड्यानं चालवतो. दिवाळीच्या पुढंमागं ऊसतोडीला निघालेल्या घरांची गाठोडी तीच पोचवते आणि रात्री-अपरात्री अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाकडं बाळंतीण घेऊन तीच पळते. पावसात काच वर न येणं म्हणजे काय, हे त्या बाळंतिणीला विचारा. पंधरा वर्षं झालेल्या खाजगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 झाली. ती भरायची, नव्या गाडीचे हप्ते झेपत नाहीत म्हणून जुनी राखायची, आणि वर तिच्या दुरुस्तीची वाटही बंद?

ही वाट अडवली जाते, हा माझ्या मनाचा खेळ नाही. 25 ऑगस्ट 2014 ला भारतीय स्पर्धा आयोगानं 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत आणि दुरुस्तीची माहिती, तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना देत नाहीत, हा ठपका होता. कंपन्या वरच्या दारात गेल्या आणि कज्जा लांबला. 24 डिसेंबर 2022 ला केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात मोटारीही आहेत. चांगलं केलं. पण चाचांच्या हातात आजही कुठल्या रंगाची वायर कुठं जाते त्याचा नकाशा नाही. ते दुसऱ्या दाराच्या वायरी बघून ताडतात.

मागणं फार नाही. प्रत्येक मॉडेलचा वायरिंगचा नकाशा मराठीत, फुकट, कुणालाही मिळावा. बिजागरीतला तेवढाच तुकडा, दोन्ही टोकांना कपलर लावून, वेगळा विकावा, म्हणजे वीतभर वायरीसाठी अख्खा हार्नेस घ्यावा लागणार नाही. आणि गाडी बंद झाल्यावरही तो तुकडा निदान पंधरा वर्षं बनत राहावा. फेरनोंदणीची फी सरकार पंधरा वर्षांनंतर घेतंच की.