कोयता आणि गर्भपिशवी

गर्भाशय काढण्याच्या बहुतेक शस्त्रक्रिया कर्करोगासाठी होत नाहीत. अंगावरून जास्त जाणे, गर्भाशयातल्या गाठी, अंग बाहेर येणे ही त्यांची नेहमीची कारणे. यांतल्या पुष्कळ तक्रारी गोळ्यांनी किंवा गर्भाशयात बसवायच्या, हार्मोन सोडणाऱ्या साधनाने आटोक्यात येतात. पिशवी काढणे हा शेवटचा उपाय.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ३.२ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. आंध्र प्रदेशात हे प्रमाण ८.९, तेलंगणात ७.७, तर महाराष्ट्रात २.६ टक्के होते. राज्याच्या या सरासरीआड बीड जिल्हा दडून राहिला. २०१९ मध्ये तिथल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींमागे एक!

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन गाव सोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाळीत पोट दुखते म्हणून बाई कोपीत बसली तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो, आणि त्याचे पैसे उचलीवर चढतात. फडावर संडास नाही, पाळीचे कापड धुऊन वाळवायला आडोसा नाही. उसाच्या मोळ्या मात्र डोक्यावरून वाहायच्याच. लग्न लवकर झालेले, पंचविशीच्या आत दोन-तीन बाळंतपणे आणि कुटुंबनियोजनाचे ऑपरेशनही उरकलेले. अशी बाई पांढरे जाते, कंबर धरते म्हणून खासगी दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते, आणि ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगितल्याचे कितीतरी जणींनी सांगितले आहे. ही भीती घालणे अक्षम्य आहे. ऑपरेशनसाठी पुन्हा उचलच घ्यावी लागते.

तरुणपणी गर्भाशय गेले की अंडाशय जागेवर असूनही पाळी जाण्याचा काळ अलीकडे सरकू शकतो. अंडाशयही काढले असतील तर हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. फडावर काम करणाऱ्या बाईला हे पस्तिशीतच भोगावे लागू शकते.

पाहणीनंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच प्रकारांवरील याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी या शस्त्रक्रियांबाबतची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. दोन्ही पावले योग्यच. पण परवानगी नाकारली तरी बाईचे दुखणे राहतेच. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ, गोळ्या आणि ते हार्मोनचे साधन मिळाले पाहिजे, आणि पाळीच्या दिवसांचा खाडा मुकादमाच्या वहीत लागता कामा नये.